पार्वतीचा पाट

त्या पाटावर बसायला एकही सवाष्ण तयार होईना.

उद्या नारायणरावांचं दुसरं लग्न. पहिली बायको पार्वती नर्मदेत बुडाली होती, आणि या घरची रीत अशी की, दुसरी बोहल्यावर चढण्याआधी पहिलीच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची. नवरदेवाने स्वतः तिचे पाय धुवायचे, पहिलीची क्षमा मागायची. पण बुडून मेलेलीच्या पाटावर बसून आपलं कुंकू कोण धोक्यात घालणार? धारच्या बायकांना एकाएकी उपास आठवले. ज्यांना आठवले नाहीत त्यांची पोटं दुखू लागली.

"मी बसते," सुभद्रा म्हणाली.

ती देवासहून मुलीकडच्या माणसांबरोबर आली होती. मुलीचे वडील गोपाळराव मास्तर तिचे शेजारी. त्यांची परिस्थिती बेताची, म्हणून लग्न वराच्याच घरी ठरलेलं. नारायणरावांची आई प्लेगात गेल्यापासून घरात बाईमाणूस नव्हतं. कारभार पाहायला त्यांची मावसबहीण अक्का सरदारपूरहून आली होती. तिचा जीव भांड्यात पडला.

"यजमान आहेत ना तुमचे?"

"आहेत. चांगले धडधाकट आहेत."

"मग झालं तर! चला भई, जल्दी करा. पोळ्या गार होताहेत."

न्हाणीपाशी विनोदिनीने तिला गाठलं. उद्याची नवरी ती. अजून परकर सावरताना अडखळत होती.

"सुभद्रामावशी, तुमचे हात कापताहेत."

"थंडी वाजतेय गं."

"वैशाखात?"

सुभद्रेचे कान बाहेर होते. ओसरीवर खडावा वाजल्या होत्या. पोरवयात तिने याच घरात त्या खडावा ऐकल्या होत्या. आधी त्या जिन्यावर वाजायच्या, मग धान्याच्या कोठीची कडी वाजायची. अंधारात, उंदरांमध्ये, उपाशी. का, तर भात करपला म्हणून. कधी तेवढंही कारण नसे. दाराबाहेरून तो माणूस अगदी गोड आवाजात सांगायचा, "ओरडायचं नाही. घराची अब्रू जाते." एकदा ती पळू पाहत होती, तर त्याने तिच्या पायावर दार आपटलं. उजवी करंगळी कायमची वाकडी झाली. पुढे देवी आल्या आणि चेहरा पार बदलला. करंगळी तेवढी तशीच राहिली.

पार्वतीचं काय झालं, हेही तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

मास्तरांना तिने देवासलाच सांगून पाहिलं होतं, की तो माणूस बरा नाही. भल्या मनाचे मास्तर तिच्यावरच चिडले. "सवतीवर मुलगी द्यायची नाही, एवढी एकच माझी अट. ती पुरी होतेय. गावात त्यांना मान आहे. तुमच्याकडे पुरावा काय?"

पुरावा होता. पण तो त्या माणसासमोर, चारचौघांतच दाखवायला हवा होता. एकट्या बाईला वेडी ठरवायला कितीसा वेळ लागतो?

"मावशी, उद्या माझं नाव बदलणार," विनोदिनी म्हणाली. "तांदळात नवं लिहिणार. मग विनोदिनी कुठे जाईल?"

"कुठे जात नाही," सुभद्रा म्हणाली. "वाट बघत बसते."

पदर कपाळाखाली ओढून ती पाटावर बसली. माजघराच्या दारात मास्तर आणि चार पाहुणे उभे होते. नारायणराव तांब्या-परात घेऊन पुढे बसले. कानशिलांवरचे केस पिकले होते, पण हात तेच होते. उठून पळावंसं वाटलं. ती बसून राहिली.

त्यांनी डावा पाय धुतला. मग उजवा धरला. अंगठा करंगळीवरून फिरला आणि तिथेच थबकला. पाणी परातीबाहेर वाहू लागलं.

"भाऊ, सांडतंय!" अक्का म्हणाली.

नारायणराव खाली वाकले. नमस्कारच करताहेत असं सगळ्यांना वाटलं. सुभद्रेला मात्र त्यांचं बोलणं ऐकू आलं. अगदी हळू, अगदी गोड.

"ओरडायचं नाही."

गंमत अशी की, ते शब्द ऐकले आणि तिचे हात कापायचे थांबले. भ्यायची पाळी आता त्यांची होती.

"पार्वती," त्यांनी मोठ्याने रीतीप्रमाणे म्हटलं, आणि आवाज चिरकला, "चुकलंमाकलं पोटात घाल."

सुभद्रेने पाय परातीतून काढून घेतला.

"म्हणा ना, घातलं म्हणून," अक्काने कोपर मारलं.

"जेवून सांगते."

आणि ती जेवली. पुरणपोळीवर तूप मागून घेतलं, कटाची आमटी दोनदा वाढून घेतली. नारायणराव खांबाला टेकून घाम पुसत होते. विनोदिनी तिला वारा घालत होती.

विडा देताना अक्काला हुरूप आला. "आता नाव घ्या. नाव घेतल्याशिवाय पाटावरून उठायचं नाही."

"राहू दे, अक्का," नारायणराव घाईने म्हणाले. "त्यांना उगाच कशाला..."

"असं कसं, भाऊ? रीत म्हणजे रीत!"

दारातून मास्तर हसले. "घ्या, सुभद्राबाई. इतकी वर्षं शेजार आपला, पण तुमच्या यजमानांचं नाव काही आमच्या कानावर आलं नाही."

सुभद्रेने विनोदिनीचा हात धरून तिला जवळ बसवलं. मग तोंडावरचा पदर मागे सारला, नारायणरावांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

"नर्मदामाईच्या डोहात लोटलं, माईनेच दाखवला तीर,
नारायणरावांचं नाव घेते, इतकी वर्षं धरला धीर."