दुधीची चकती

सकाळी दुधीचा रस काढण्याआधी वसुमतीने सवयीने एक चकती चाखली आणि मगच नवऱ्याच्या हाती पेला दिला. दुपारी तो रक्ताच्या उलट्या होऊन दवाखान्यात पडला होता.

डेंग्यूचा विषाणू आपल्याच पेशींतलं एक प्रथिन हाताशी धरून पिलावळ वाढवतो. ते प्रथिन कायमचं बंद करणारी लस वसुमतीनेच शोधली होती. डेंग्यू हटला. त्या प्रथिनाबरोबर लोकांच्या जिभेवरची कडू चवही गेली, तेव्हा ती हसून म्हणाली होती, “बरंच झालं, पोरं आता कारली खातील!”

घरात लस न घेतलेल्या एकट्या सासूबाईच. त्यांनी ओट्यावरचा उरलेला तुकडा जिभेला लावला आणि लगेच थुंकून टाकला.

“अगं, कडूजहर आहे हा! कडू दुधी विषारी असतो, चाखून नाही का बघितलास?”

“बघितला होता, आई.”