कप्तानाची गोळी

"गीळ पटकन, सराव बुडवायचा नाही." केतकी शिंकली की कबड्डीची कप्तान मैथिली तिच्या तळहातावर घरातली उरलेली अँटिबायोटिक गोळी ठेवायची. वर्षभर हेच चाललं.

आता केतकी दवाखान्यात होती, मैथिली तिच्या उशाशी. आतडं सुजलेलं, पोटात कळा.

"पोटातले चांगले जंतू म्हणजे कोच समजा, मुलींनो," डॉक्टरमॅडम म्हणाल्या. "कोणाला पकडायचं, कोणाला सोडायचं, हे ते शरीराच्या शिपायांना शिकवतात. सारख्या गोळ्यांनी कोचच मेले, तर शिपाई आपल्याच गड्यावर, म्हणजे आतड्यावर, तुटून पडतात. कुणी दिल्या हिला?"

मैथिली केतकीचं पांघरूण सारखं करू लागली. केतकीनेही कप्तानाचं नाव घेतलं नाही.

मॅडम गेल्या. केतकीला शिंक आली आणि सवयीने तिने हात पुढे केला.

मैथिलीने त्या रिकाम्या तळहातावर कपाळ टेकलं.