दातार मास्तरांची तोंडी परीक्षा

“द फर्निचर आर न्यू,” उत्तरा म्हणाली आणि शहाण्या मुलीसारखी खाली बघत बसली.

प्रभाकरपंतांच्या हातातली शिऱ्याची बशी कलंडता कलंडता राहिली. मुलगी दाखवायच्या या कार्यक्रमासाठी त्यांनी आठवडाभर लेकीची तयारी करून घेतली होती. कल्याणचे दातार मास्तर मुलासाठी मुली बघायला येतात ते इंग्रजीचा पेपर घ्यायला आल्यासारखे, हे साऱ्या डोंबिवलीला ठाऊक होतं. म्हणून फर्निचर, न्यूज, अ‍ॅडव्हाइस. घरात खुर्च्या शंभर असोत, इंग्रजीत फर्निचर एकच, हे त्यांनी तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

तिला ते आधीपासूनच येत होतं. ती इंटर झालेली. सोमवारपासून ठाण्याच्या एका शाळेत शिकवायला बोलावणं होतं आणि वडील म्हणाले होते, “हे स्थळ जमलं तर नोकरी नाही. मोडलं तर जा खुशाल.” तेव्हा उत्तरानं स्थळ मोडायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. सरळ चेहऱ्यानं चुकीचं इंग्रजी बोलणं मात्र तिच्या अगदी जिवावर येत होतं.

“न्यूज?” मास्तर खुर्चीत पुढे सरकले.

“द न्यूज आर गुड.”

“अ‍ॅडव्हाइस?”

“ही गेव्ह मी मेनी अ‍ॅडव्हायसेस.”

मास्तरांनी एकेक चूक सुधारली. नियम सांगितला, उदाहरणं दिली, मग आणखी उदाहरणं दिली. त्यांचा चहा गार झाला. मुलगा, गुरुदत्त, मुकाट्यानं शिरा खात होता. प्रभाकरपंतांनी मनातल्या मनात स्थळावर पाणी सोडलं.

शेवटी मास्तरांनी उपरण्यानं डोळे टिपले.

“प्रभाकरपंत, रिटायर झाल्यापासून घरात चुका करणारं माणूसच उरलं नाही हो. हा गुरुदत्त तर माझ्या धाकानं तोंडच उघडत नाही. मुलगी पसंत आहे.”

लाजायचं सोडून उत्तरानं मान वर केली आणि धडाधड म्हणून टाकलं, “द फर्निचर इज न्यू! द न्यूज इज गुड! ही गेव्ह मी सम अ‍ॅडव्हाइस!”

मास्तर हळूच मुलाकडे वळले.

“बघितलंस, गुरुदत्त? एका बैठकीत शिकली.”