गाडीला जागा

“नवीन मशीनमध्येच करा,” बाइंडर म्हणाले. जन्मभर पुस्तकं बांधली, त्यामुळे ओळखीचे जे काही उरले होते ते त्यांना बाइंडरच म्हणत.

एमआरआयच्या तंत्रज्ञ बाईंनी एक्स-रे उजेडाकडे धरला. “काका, तुमच्या खुब्यात धातूचा सांधा आहे. नव्या मशीनचं चुंबक जास्त जोरकस. धातूजवळ चित्र पार फिसकटतं, आणि प्रोस्टेट त्याच्या शेजारीच. गाठ असली तरी दिसायची नाही. जुन्यात मागच्या वाटेने आत नळीसारखा प्रोब घालावा लागतो, पण चित्र स्वच्छ येतं.”

“नाही दिसली तर बरंच की.”

“लाजू नका हो. इथे सगळेच लाजतात आणि सगळ्यांचं नीट होतं.”

लाज वाटत होती, नाही असं नाही. पण खरी मेख वेगळीच होती. प्रोब घालण्याआधी आतडं शांत राहावं म्हणून इंजेक्शन देत, आणि त्याने काही वेळ अंधुक दिसे. म्हणून सोबत माणूस असल्याशिवाय जुन्या मशीनवर घेत नसत. नव्यावर एकटं आलेलं चालायचं. पण गाठ असली तरी दिसायची नाही, हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. मरणाची भीती त्यांनाही वाटत होती.

“बरं, जुन्यात करा.”

“सोबत कोण आलंय?”

“मुलगा. गाडी लावतोय.”

बाइंडरांनी लग्नच केलं नव्हतं. मुलगा त्या क्षणी जन्मला, आणि जन्मला तो थेट गाडी चालवतच.

आत बोगद्यात नुसता ठणठणाट. त्रास झाला तर दाबा, म्हणून बाईंनी हातात रबरी चेंडू दिला होता. दोनदा दाबावासा वाटला. पण बाईंनी काय झालं विचारलं तर सांगायचं काय? कुणीतरी बोला माझ्याशी, असं का कुणी सांगतं! त्यांनी चेंडू नुसता धरून ठेवला.

सगळं झाल्यावर बाईंनी त्यांना हाताला धरून बाहेरच्या बाकावर बसवलं. समोरची भिंत, तिच्यावरचं घड्याळ, सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसत होतं.

“अजून आला नाही मुलगा?”

“जागा मिळत नसेल. गर्दी किती असते.”

बाई आत गेल्या आणि दोन कप चहा घेऊन आल्या. एक त्यांच्या हातात दिला, दुसरा बाकावर ठेवून वर बशी झाकली. “हा त्याच्यासाठी.”

बाइंडरांनी आपला चहा संपवला. मग बराच वेळ ते घड्याळाकडे बघत बसले. आधी गोल दिसला, मग काटे, मग आकडे. आता एकट्याने घरी जाता येणार होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, शेजारची बशी उचलली आणि तो गार ढोण चहा एका दमात पिऊन टाकला.

बाई आल्या तेव्हा ते उभे होते. बाईंनी रिकाम्या कपांकडे पाहिलं.

“आला होता वाटतं?”

“हो. चहा घेतला आणि गाडी काढायला गेला.”

“परवा रिपोर्ट आहे. डॉक्टर जे सांगतील ते ऐकायला त्याला घेऊनच या.”

“तेच म्हणत होता,” बाइंडर म्हणाले. “परवा लवकर निघू, म्हणाला. म्हणजे गाडीला जागा मिळेल.”