मारेकऱ्याचे डोळे

संत बार्थोलोम्यूच्या वधाचे ते चित्र नेपल्सच्या चर्चमध्ये लागल्यापासून बायका जाता-येता केसांतला आकडा काढून सुरीवाल्या मारेकऱ्याचे डोळे खरवडत, आणि चर्चचा म्हातारा सेवक तित्ता तिकडे कानाडोळा करी. पण आज धोबीण कार्मोसिनाचा आकडा थेट संताच्या डोळ्यांवर टेकलेला पाहून त्याने संतापाने तिचे मनगट धरले.

"डोकं फिरलं का गं तुझं? मारेकरी तो, इकडचा!"

"मारेकरी?" तिने हात हिसडला. "माझा नवरा आहे तो. गोदीतला हमाल, आनिएल्लो. दंड दणकट दिसले, म्हणून चित्रकाराने त्याच्या हातात सुरी देऊन उभं केलं. घरात कोंबडीसुद्धा मलाच कापावी लागायची, बाबा. त्याचा चेहरा बघायला मला एवढीच जागा उरली होती. तीही तुमच्या भाविक बायांनी खरवडून टाकली."

तित्ता वरमला. "बरं, तुझा राग समजला. पण त्यात संताचं काय चुकलं?"

"संत म्हणून बसवला होता तो फेरांते. चित्र पुरं झालं, त्याच संध्याकाळी गुत्त्यात त्याने माझ्या आनिएल्लोच्या पोटात सुरी खुपसली. आणि तुम्ही रोज त्याच्यापुढे मेणबत्त्या लावता!"