आस्ते चालव

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, बाई इथं येण्याआधीच गेल्या होत्या. त्यांची मुलगी सुरभी होती तिथंच फरशीवर बसली. बाबारावांनी नुसती मान हलवली. कशानं, किती वेळ झाला, काहीच विचारलं नाही. बायकोची, मैनाबाईची, एक चप्पल गाडीच्या मागच्या सीटखाली राहिली होती. ती आणायला ते बाहेर गेले.

मोतीबिंदूनंतर बाबारावांनी गाडी चालवणं सोडलं होतं. मुलगा अमर पुण्याला. त्या दुपारी मैनाबाईच्या छातीत कळ आली तेव्हा घरात गाडी चालवणारी एकटी सुरभीच होती. ती घाटंजीच्या शाळेत शिकवायची आणि रोज गाडीनंच जायची. आईला बाजारात, आईच्या माहेरी, लग्नाकार्याला तीच न्यायची. आता तिनं किल्ली देवाच्या फळीवर ठेवली होती आणि ती ऑटोनं शाळेत जात होती.

कारण गावात गोष्ट फिरली होती. भीमराज दूधवाल्यानं त्या दिवशी यवतमाळच्या अलीकडे गाडी पाहिली होती. बैलगाडीसारखी चालली होती म्हणे. मागून येणारे ट्रकसुद्धा पुढे निघून जात होते. बायका मैनाबाईचं दुःख करायला यायच्या आणि जाताना हळूच विचारायच्या, पोरीला भरधाव नेता आली नसती का? सुरभी ऐकून घ्यायची आणि त्यांच्या कपबशा उचलायची.

अस्थी अंगणातल्या लिंबाला टांगल्या होत्या. बाबारावांचे मोठे भाऊ विठ्ठलराव रोज सांगत होते की आपली जीप काढतो, पैनगंगेवर जाऊन येऊ. बाबाराव रोज उद्या म्हणत होते. तेरावं तसंच झालं. महाराज नाराज होऊन गेले.

अशात पूनमसिंग आला. घाटंजीचा विमा एजंट. गाडीच्या विम्याची मुदत संपत आली होती. बाबारावांच्या नावासोबत घरातल्या आणखी एका माणसाचा अपघात विमा त्यात जोडता येतो, असं त्यानं सांगितलं. गाडी जो चालवेल त्याचं नाव द्या म्हणाला.

खाटेवर बसलेल्या विठ्ठलरावांनी परस्पर अमरचं नाव सांगितलं.

"सुरभीचं लिही," बाबाराव म्हणाले.

पूनमसिंगचं बोट मोबाइलवर थांबलं. विठ्ठलरावांनी आधी समजावून पाहिलं. पोरगी उद्या लग्न होऊन जाईल, विमा इथं पडून राहील, अमरचं नाव असलेलं बरं. बाबाराव ऐकेनात, तेव्हा ते पोटातलं बोलले.

"पोरीच्या हाती गाडी देली म्हणून तं बायको गेली तुही. पुन्हा तिलेच देतं का?"

सुरभी दारात चहा घेऊन उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला.

"बाबा, माह्यं नाव नका टाकू. मी आता चालवत नाई."

पूनमसिंगनं वातावरण हलकं करायला म्हटलं की, काकाजी, विम्याच्या पैशावरून भांडणं लय पाह्यली, नावावरून पहिल्यांदाच पाहतो.

बाबाराव उठून सुरभीसमोर उभे राहिले.

"त्या दिवशी तुले आस्ते चालव कोण म्हणलं होतं?"

सुरभी ट्रे उचलायला वाकली.

"सांग मोठ्या बाबाले," त्यांनी विठ्ठलरावांकडे बोट केलं.

"जाऊ द्या ना बाबा."

"सांग म्हणलं ना."

"तुम्ही."

विठ्ठलरावांनी वर पाहिलं. भाऊच तसं म्हणाला होता, हे पोरीनं इतके दिवस कोणाला कळू दिलं नव्हतं.

"काहून म्हणलं, मालूम आहे तुले?"

"आईले दचके बसत होते म्हणून."

"नाई. तुही माय नाल्याच्या पुलावरच गेलती. तिचं डोकं माह्या मांडीवर होतं, मले समजलं. पण तुले तवाच सांगतलं असतं तं तू गाडी झाडावर घातली असती. तिच्यासाठी काही करायचं राह्यलं नव्हतं. तू राह्यली होती. म्हणून म्हणलं, आस्ते चालव."

सुरभीनं दाराची चौकट धरली. बाबाराव भावाकडे वळले.

"पुलापर्यंत तिनं गाडी अशी भरधाव आणली दादा, का तुम्ही बी आणली नसती. आता ज्याले बोलाचं आहे त्यानं मले येऊन बोलावं. पूनमसिंग, लिही."

पूनमसिंगनं नाव लिहिलं. लायसनचा फोटो लागेल म्हणाला. सगळे सुरभीकडे पाहू लागले. तिनं चौकट सोडली. मग आत गेली आणि लायसन घेऊन आली. पूनमसिंगनं फोटो काढेपर्यंत तिनं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

विठ्ठलराव जायला उठले. लिंबाखाली थांबले. निदान उद्या तरी जीप आणू का, त्यांनी मऊ आवाजात विचारलं.

"मैनाच्या अस्थी याच गाडीत जातील," बाबाराव म्हणाले. "सुरभी नेईन. तिच्या मनात येईन तवा."

"अन् नाईच आलं तं?"

"तं राहतील इथंच. लिंब काही नाई म्हणत नाई."

विम्याचा कागद आला. कापसाचा पहिला वेचा झाला. सुरभी रोज सकाळी गाडीची काच पुसते, दार उघडून स्टेअरिंगवर बसते, आणि थोड्या वेळानं उतरून ऑटोकडे चालू लागते. बाबाराव तेवढा वेळ मागच्या सीटवर बसून असतात. चाल म्हणत नाहीत.

अस्थी अजून लिंबालाच आहेत.