मामंजींचं नाव

सासऱ्यांचं नाव सुनेनं तोंडावर आणायचं नाही, म्हणून थोआनबाईंनी चाळीस वर्षं ‘बिन्ह’ हा शब्द उच्चारला नव्हता. सासरे पंतोजी होते. “चिनी अक्षरांतून आपल्या व्हिएतनामीत आलाय हा शब्द, सूनबाई,” ते सांगायचे. “आधी अर्थ होता समतल, मग झाला शांती.”

पोरगा आघाडीवर गेल्यापासून पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे त्या रोज तो शब्द टाळून एवढंच मागत, “ते लवकर येऊ दे.”

आज गावच्या कर्ण्यावरून युद्ध संपल्याची बातमी आली. सगळा गाव तोच शब्द ओरडत रस्त्यावर धावला.

“अगं, आज तरी म्हण की!” शेजारणीनं हात ओढला.

थोआनबाई हात सोडवून आत वळल्या. त्यांनी देव्हाऱ्यातल्या सासऱ्यांच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली.

“मामंजी, रागावू नका हं. बाहेर अख्खा देश तुमचं नाव घेतोय.”